ऑक्टाव्हिया व्हीआरएसचा एक्झॉस्ट: पूर्ण मोकळा पाइप की कंपनीचा रेझोनेटर ठेवून?

व्हीआरएस, म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती, घेऊन वर्ष होत आलं की बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट घोळायला लागते: गाडी पळते तशी बोलत नाही. माझ्याही मनात घोळली. माझी २०१७ ची, २३० पीएस ताकदीची. घर पुण्यात, बहीण ठाण्यात, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ठरलेला. गेल्या चार वर्षांत या गाडीखाली दोन एक्झॉस्ट लागले. पहिला परदेशातून मागवलेला, पूर्ण तीन इंची कॅट-बॅक (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे कॅटच्या, मागचा सगळा पाइप), मध्ये रेझोनेटर, म्हणजे आवाज शोषणारा मधला डबा, नसलेला. दुसरा आज आहे तो: कंपनीचा मधला भाग तसाच ठेवला आणि मागचा सायलेन्सरचा डबा बदलून भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून जोडून घेतला. याच दोन रस्त्यांमध्ये अडकलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

डाउनपाइपचा, म्हणजे टर्बोपासून खाली येणाऱ्या पहिल्या पाइपचा, विषय आधीच बाजूला ठेवतो. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणणारा भाग) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि टर्बो थेट हेडला बसतो. म्हणजे जुन्या गाड्यांसारखा हेडर, म्हणजे वेगळा मॅनिफोल्ड, बदलण्याचा प्रश्नच येत नाही. ताकद मिळवायची तर डाउनपाइप आणि त्यातल्या कॅटला हात लावावा लागतो, मग डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा आणि पीयूसीची कटकट मागे लागते. मी कॅट काढला नाही, कुणाला सुचवणारही नाही. आणि कॅट तिथेच असेल तर त्यामागचा पाइप कितीही रुंद केला तरी गाडीच्या ओढीत मला फारसा फरक जाणवला नाही. स्टेज वन मॅपवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या पहिल्या पायरीच्या ट्यूनिंगवर, दोन्ही एक्झॉस्टनी गाडी सारखीच पळाली. डायनोवर, ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नेली असती तर कदाचित काही आकडे निघाले असते, पण घाटात ओव्हरटेक करताना तरी ते कळले नाहीत. तेव्हा हा सगळा निर्णय आवाजाचा आहे हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आवाजाच्या बाबतीत पहिल्या एक्झॉस्टचं कौतुक मनापासून करतो. थंड इंजिन सुरू झालं की पार्किंगमध्ये एक खोल, भरदार घुमणं. तीन हजाराच्या वर गेलं की आवाज पातळ न होता उघडत जायचा. भातणच्या बोगद्यात काचा खाली करून गिअर उतरवला की अंगावर काटा यायचा, आणि हे मी चार वर्षांनीही विसरलेलो नाही. कारागिरी उत्तम होती. ३०४ स्टीलचा पाइप, वाकवताना कुठे चेपलेला नाही, जोड एकसारखे. पाइप टांगणाऱ्या मूळ हँगरवर असा बसला की एकही रबर ताणावं लागलं नाही. दोन्ही टोकं बंपरच्या खाचेत अगदी मधोमध. देशी कामात हे शेवटचं साधायला आम्हाला दोन खेपा लागल्या.

मग तो काढला का? एका त्रासामुळे, आणि तो त्रास नेमका शंभरच्या वेगाला होता.

सहाव्या गिअरला शंभरवर ही गाडी एकवीसशे ते बावीसशे आरपीएमच्या मध्ये असते. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट करतं, म्हणजे बावीसशेला सेकंदाला साधारण ७३. तेवढ्या कंपनांचा सूर कानाला आवाज म्हणून फार कळत नाही, दाब म्हणून कळतो. कानात बोळे घातल्यासारखं होतं, दाढा जड होतात. ऑक्टाव्हियाची डिकी केबिनपासून वेगळी नाही. मागची काच दारासकट उघडणारी, त्यामुळे डिकी आणि केबिन मिळून एकच मोठी पोकळी. त्यात हा सूर असा काही भरतो की पार्सल ट्रे थरथरताना दिसायचा. इंग्रजीत याला ड्रोन म्हणतात. मला विचाराल तर घूं हाच शब्द बरोबर आहे. नव्वदला नाही, एकशे दहाला नाही, बरोबर शंभरला. एक्सप्रेसवेच्या सपाट भागात मर्यादा शंभरची, आणि कॅमेरे बसल्यापासून सगळ्यांच्या सुया तिथेच टेकलेल्या. खालापूर ते पनवेल आणि कामशेत ते तळेगाव हा सारा प्रवास त्या एका सुरात व्हायचा.

आठ महिने मी त्याला वळसे घालत राहिलो. कधी पाचव्या गिअरला चालव, कधी गिअरबॉक्स एस (स्पोर्ट) मोडला टाक, कधी पंच्याण्णववर धर. पेट्रोल जास्त जायचं ते वेगळंच. पुढे बसणाऱ्याला हा त्रास निम्माच होतो हे मला उशिरा कळलं. आई मागे बसते. एकदा तळेगावच्या टोलनाक्यावर थांबलो तेव्हा ती म्हणाली, "अरे, गाडीत बसल्यापासून डोक्यात काहीतरी भरून राहिलंय. काच उघडू का जरा?" तिने आवाजाची तक्रार केली नव्हती. तिला तो आवाज आहे हेच कळलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी गाडी लिफ्टवर चढवली.

रेझोनेटर घातला की घूं जाते, असं सरसकट सांगितलं जातं. माझ्या अनुभवात ते अर्धंच खरं आहे. जाळीदार नळीभोवती लोकर भरलेला सरळ रेझोनेटर वरच्या सुरांतली खरखर छान शोषतो. तीन-साडेतीन हजारावर पत्रा फाटल्यासारखा जो आवाज येतो, तो गेलाच म्हणून समजा. पण सत्तर-पंच्याहत्तर हर्ट्झचा सूर लोकरीला दाद देत नाही. त्याला एकतर मोठी पोकळी लागते नाहीतर लांबी. मिल्टेक, स्कॉर्पियनसारख्या एक्झॉस्ट बनवणाऱ्या कंपन्या एकाच गाडीसाठी रेझोनेटेड आणि नॉन-रेझोनेटेड असे दोन्ही प्रकार देतात, आणि पहिला प्रकार नक्कीच सुसह्य. तरी तसा एक बसवलेल्या मित्राच्या गाडीत मागे बसून गेलो, तेव्हा घूं कमी होती पण गेलेली नव्हती.

भोसरीच्या फॅब्रिकेटरने सुचवलेला उपाय ऐकायला साधा होता. मुख्य पाइपला एक आडवी फांदी जोडायची, तिचं दुसरं टोक बंद. त्या फांदीत शिरलेली लाट टोकाला आपटून परत येते. फांदीची लांबी लाटेच्या पाव भागाएवढी असेल तर परतणारी लाट मुख्य लाटेच्या बरोबर उलटी पडते आणि तेवढा एकच सूर मरतो, बाकीचा आवाज शाबूत राहतो. लांबी वायूच्या तापमानावर ठरते, कारण गरम वायूत आवाज वेगाने धावतो. फांदीतला वायू वाहत नाही, त्यामुळे तो मुख्य पाइपपेक्षा थंड असतो. म्हणून कागदावरचं गणित थोडं लांब नळी सांगतं. आम्ही दीड मीटरची वाकवलेली नळी घातली, गाडी देहू रोडपर्यंत फिरवली, परत येऊन कापली, पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला १.३६ मीटरवर थांबलो. शंभरला घूं इतकी कमी झाली की मी रेडिओ बंद करून खात्री केली. हिवाळ्यात पहिली आठ-दहा मिनिटं, वायू तापेपर्यंत, थोडी जाणवते. मी ते चालवून घेतो.

गमावलं काय? बोगद्यातला तो उघडा आवाज आता नाही. कंपनीचा मधला भाग ठेवल्याने आवाज एक पायरी खाली राहिला, साधारण जाड गळ्याने बोलणाऱ्या माणसाएवढा. गॅसवर जोरात पाय दिला तर कळतं की ही साधी ऑक्टाव्हिया नाही. हळू गेलं तर सोसायटीचा वॉचमन मान वर करत नाही. मला हे प्रमाण आवडलं. चोवीस-पंचविशीतल्या एखाद्याला हे बेचव वाटू शकतं, आणि त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पाइपमध्ये उघडझाप होणारा व्हॉल्व्ह लावून मोकळा आणि शांत असे दोन्ही आवाज मिळवावेत, असं बरेच जण सांगतात. ओळखीतल्या एकाचा व्हॉल्व्ह पहिल्याच पावसाळ्यात अर्धा उघडा अडकला आणि पाकळी आरपीएमगणिक खडखडायला लागली. शिवाय सायलेन्सरला वगळून धूर सोडणारा कटआउट मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा सापडलात तर २,०००. आवाजाच्या कलमाखाली दंड १०,००० पर्यंत जातो आणि लायसन तीन महिने थांबू शकतं. कारखान्यातून निघणाऱ्या कारला चालत्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. माझा दुसरा एक्झॉस्टही तिच्या आत असेल असा दावा मी करत नाही. बुलेटच्या पुंगळ्यांवर रोडरोलर फिरतो तसा कारवर अजून फिरत नाही, पण त्या भरवशावर पैसे घालू नयेत.

खर्चाचं थोडक्यात: आयात शुल्क, वाहतूक धरून बाहेरचा संच देशी कामाच्या कित्येक पट पडतो. देशी कामात मात्र माणूस नीट निवडावा लागतो. जोडताना पाइपच्या आतून आर्गॉन सोडतो का, हे आधी विचारा. सोडत नसेल तर जोडाच्या आत काळपट दाणेदार थर येतो आणि तडा तिथूनच जातो. पाइप स्पीडब्रेकरला किती वर राहतो ते चार माणसं बसवून बघा. तीन इंची पाइप माझ्या गाडीखाली औंधच्या एका गतिरोधकाला नेहमी घासायचा. आताचा अडीच इंची घासत नाही.

गाडी रविवारीच काढणार असाल, एकटे किंवा दोघेच बसणार असाल, आणि शंभरवर तासभर राहण्याची वेळ येत नसेल, तर मोकळा तीन इंची घ्यायला माझी हरकत नाही. तो आवाज खरोखर तेवढा सुंदर आहे. पण घरची एकच गाडी असेल तर कुणाकडे मोकळा बसवलेला असेल त्याला विनंती करा, वीस मिनिटं सहाव्या गिअरला शंभरवर चालवायला सांगा, आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा, काचा बंद, गाणी बंद.