मराठी मंडळासाठी मॅस्टोडॉनवर घर शोधताना: मॅस्टोडॉन डॉट सोशल आणि इतर सर्व्हरांचे परीक्षण

बडोद्यातील आमचे वाचक मंडळ लहान आहे. बहुतेक सभासद निवृत्त आहेत, काहींची मुले पुण्यात किंवा परदेशात राहतात, आणि दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत विखुरलेल्या या माणसांना मराठीत निवांत लिहिता-बोलता येईल अशी एक जागा आम्हाला इंटरनेटवर हवी होती. आतापर्यंत आमचा सगळा व्यवहार एका बड्या कंपनीच्या समाजमाध्यमावरील गटात चालत असे. 2018 मध्ये बडोद्यात 91वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्या वेळची सभासदांनी काढलेली छायाचित्रे आणि लिहिलेल्या आठवणी त्याच गटात आहेत. मात्र त्या आज शोधून सापडत नाहीत, आणि गटातील नवे लेखन कोणाला दिसावे व कोणाला दिसू नये हे ती कंपनीच ठरवते. ऑर्कुट हे समाजमाध्यम 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे कू हे समाजमाध्यम जुलै 2024 मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि दोन्ही वेळा तिथे जमलेल्या माणसांना पुन्हा नव्याने एकमेकांना शोधावे लागले. म्हणून जी जागा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही, अशा जागेचा आम्ही शोध घेतला. हे परीक्षण त्या शोधातून झाले आहे.

मॅस्टोडॉन हे ऑयगेन रोख्को या जर्मन प्रोग्रामरने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेले, समाजमाध्यम चालवण्याचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या संगणकावर, बसवू शकतो. असे हजारो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीने एकमेकांशी बोलतात, आणि ही नियमावली वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये अधिकृत मानक म्हणून मान्य केली. त्यामुळे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला वाचू शकतो, उत्तर देऊ शकतो आणि त्याचे अनुसरण करू शकतो. नवख्याला इथपर्यंत सारे सोपे वाटते. अडते ते नोंदणीच्या पहिल्याच पायरीवर, कारण तिथे आपला सर्व्हर निवडावा लागतो. ‘कोणताही घ्या, फरक पडत नाही’ हा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. आमच्या मते तो चुकीचा आहे. सर्व्हरचा चालक तुमचे खाते ठेवतो, तुमच्या तक्रारी हाताळतो, कोणत्या इतर सर्व्हरांशी संबंध ठेवायचा ते ठरवतो, आणि एके दिवशी सारे बंद करण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर सर्व्हरांची जी यादी आहे, तिच्यात स्थान मिळवण्यासाठी चालकाला 2019 पासून एक करार मान्य करावा लागतो. वर्णद्वेष, लिंगभेद आणि समलिंगी व पारलिंगी व्यक्तींचा द्वेष यांविरुद्ध सक्रिय देखरेख ठेवणे, रोज बॅकअप घेणे, अडचणीच्या प्रसंगी सर्व्हर हाताळू शकेल असा आणखी किमान एक माणूस नेमणे आणि बंद करायचे झाल्यास किमान तीन महिने आधी कळवणे, अशा त्याच्या चार अटी आहेत. सर्व्हर निवडताना आम्ही याच अटी कसोटी म्हणून वापरल्या, आणि त्यांपैकी शेवटच्या दोन आम्हाला सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या. मॅस्टोडॉनवर घर बदलण्याची सोय आहे. नव्या सर्व्हरवर खाते उघडून जुन्या खात्यावरून स्थलांतराची आज्ञा दिली की तुमचे अनुसरण करणारे लोक आपोआप नव्या खात्याकडे वळतात, आणि तुम्ही ज्यांचे अनुसरण करता त्यांची यादी फाइलमध्ये उतरवून नेता येते. मात्र तुमचे जुने लेखन तुमच्याबरोबर जात नाही, आणि ही आज्ञा देण्यासाठी जुना सर्व्हर चालू असावा लागतो. म्हणजे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय गेला तर ही सारी सोय कागदावरच राहते.

हे केवळ कल्पनेतले भय नाही. मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी या सर्व्हरच्या चालकाने ऑक्टोबर 2022 मध्ये बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो बंद झाला. मॅस्टोडॉन डॉट लोल या मोठ्या सर्व्हरच्या चालकाने त्रास देणाऱ्यांना कंटाळून फेब्रुवारी 2023 मध्ये तसेच केले, परंतु लोकांना हलण्यासाठी तीन महिने दिले. याउलट फेब्रुवारी 2024 मध्ये क्विअर डॉट एएफ या सर्व्हरचा पत्ताच अफगाणिस्तानच्या तालिबान सरकारच्या ताब्यातील नोंदणी यंत्रणेने बंद केला, कारण ‘एएफ’ हे त्या देशाचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील पत्त्याचे शेवटचे नाव, आहे. चालक प्रामाणिक आणि सर्व्हर सुस्थितीत असूनही घर गेले. तेव्हापासून पत्त्याच्या शेवटची दोन अक्षरे कोणत्या देशाची आहेत, हेही आम्ही पाहू लागलो.

आम्ही प्रथम एका लहान सर्व्हरवर खाती उघडली. त्याचे नाव इथे देत नाही, कारण तो एका माणसाने स्वतःच्या खिशातून चालवलेला उपक्रम आहे. सुरुवातीचे दिवस आनंदाचे होते. स्थानिक टाइमलाइनवर, म्हणजे त्याच सर्व्हरवरच्या लोकांच्या पोस्ट दिसतात त्या पानावर, मोजकीच माणसे होती, चालक स्वतः स्वागत करीत असे, आणि कोणी काही विचारले की संध्याकाळपर्यंत उत्तर येत असे. पुढे त्याची उत्तरे थांबली. पानाच्या तळाशी मॅस्टोडॉनची आवृत्ती लिहिलेली असते. ती पाहिल्यावर कळले की सुरक्षेसाठी आवश्यक असलेले अद्ययावतीकरण तिथे झालेलेच नाही. ही गोष्ट गंभीर आहे. जुलै 2023 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2024 मध्ये मॅस्टोडॉनमधील गंभीर त्रुटी उघड झाल्या होत्या, आणि ज्या चालकांनी तातडीने दुरुस्ती बसवली त्यांचीच खाती सुरक्षित राहिली असे म्हणता येते. त्याच फेब्रुवारीत सर्व्हरांच्या या साऱ्या जाळ्यावर स्पॅमची मोठी लाट आली, आणि तिच्यासाठी नोंदणी खुली पण देखरेख नसलेले लहान सर्व्हर वापरले गेले. ज्या सर्व्हरवर नोंदणी करताना येण्याचे कारण विचारले जाते आणि माणूस ते वाचून मंजुरी देतो, तिथे एखादा दिवस थांबावे लागले तरी आम्ही ते चांगलेच लक्षण मानतो.

दुसरा, मध्यम आकाराचा सर्व्हर युरोपातील होता. नियम स्पष्ट, जमाखर्च उघड, चालक तिघे. आम्ही त्यांना विचारले की मराठीत शिवीगाळ झाल्याची तक्रार आली तर ती तुमच्यापैकी कोण वाचणार. उत्तर आले की मराठी कोणालाच येत नाही, यांत्रिक भाषांतरावर भागवावे लागेल, आणि त्यात चूक होण्याची शक्यता आहे. या स्पष्टपणाबद्दल आम्हाला त्यांचा आदर वाटला. काही सर्व्हर तर नियमानेच इंग्रजीखेरीज अन्य भाषेत लिहू देत नाहीत, कारण जे वाचता येत नाही त्यावर देखरेख कशी ठेवायची हा त्यांचा प्रश्न खरा आहे. तिथे मात्र आम्हाला नोंदणी करण्यात अर्थ नव्हता.

अखेर आमच्या बहुतेक सभासदांनी मॅस्टोडॉन डॉट सोशल या मोठ्या सर्व्हरवर खाती उघडली. जाळ्यातील जुनी, जाणती माणसे या निवडीवर नाराज होतात. सारे एकाच मोठ्या सर्व्हरवर गेले तर विकेंद्रीकरणाला अर्थ काय, हा त्यांचा आक्षेप आहे, आणि तो मला मान्य आहे. 2023 पासून मॅस्टोडॉनचे अधिकृत ॲप नव्या माणसाला आपणहून याच सर्व्हरकडे नेते, त्यामुळे हे असंतुलन वाढलेच असणार. काही लहान सर्व्हर इथून येणाऱ्या स्पॅमला वैतागून त्याच्यावर मर्यादाही घालतात. तरीही मराठी माणसाच्या दृष्टीने एक कारण निर्णायक ठरते. कोणत्याही सर्व्हरला जाळ्यातील सर्वच पोस्ट दिसत नाहीत. तिथल्या कोणी ना कोणी ज्यांचे अनुसरण करतो, मुख्यतः त्यांच्याच पोस्ट तिथे पोहोचतात. लहान सर्व्हरवर ‘मराठी’ हा हॅशटॅग उघडला तर पान जवळजवळ रिकामे दिसत असे, कारण मराठी लिहिणाऱ्या कोणाशी त्या सर्व्हरचा संबंधच आलेला नव्हता. मोठ्या सर्व्हरवर तोच हॅशटॅग उघडताच पुणे, नागपूर, बंगळूर आणि परदेशातील माणसे दिसू लागली. जिची माणसे थोडी आणि दूरदूर विखुरलेली आहेत, अशा भाषेला या फरकाने जाळे सुने किंवा वस्तीचे वाटते.

स्थैर्याच्या बाबतीतही हा सर्व्हर उजवा आहे. तो मॅस्टोडॉन विकसित करणारी संस्थाच चालवते, तिथे पगारी माणसे आहेत, आणि जानेवारी 2025 मध्ये या प्रकल्पाची मालकी एका व्यक्तीकडून काढून ना-नफा संस्थेकडे सोपवण्याचा निर्णय जाहीर झाला. ही घोषणा आमच्यासाठी मोलाची होती. स्थानिक टाइमलाइन मात्र आमच्या उपयोगाची नाही. तिच्यावर जगभरची माणसे इतक्या वेगाने बोलतात की ओळख होण्याची शक्यता नसते. लहान सर्व्हरवरची ती आपुलकी इथे मिळणार नाही, हे प्रत्येकाने जाणून घ्यावे. तक्रारींना उत्तर मिळाले, पण मराठी मजकुराचा संदर्भ इंग्रजीत समजावून द्यावा लागला.

एका गोष्टीकडे सर्वांनीच लक्ष द्यावे. मॅस्टोडॉनवरील खासगी उल्लेख, म्हणजे फक्त नाव घेतलेल्या माणसांना दिसणाऱ्या पोस्ट, हे कुलूपबंद निरोप नसतात, दोन्ही बाजूंच्या सर्व्हरचा चालक ते तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो. मे 2023 मध्ये अमेरिकेत एफबीआय या तपास यंत्रणेने कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर वेगळ्याच प्रकरणात छापा घातला, तेव्हा डेटाबेसची कूटबद्ध न केलेली प्रत त्यांच्या हाती गेली. आमच्या मंडळात फोन क्रमांक, पत्ते आणि वर्गणीच्या गोष्टी तिथे लिहायच्या नाहीत असे ठरले आहे.

मराठीची सोय बेताची आहे. पडद्यावरील बटणे व सूचना यांचे मराठी रूपांतर अपुरे असल्याने मधेमधे इंग्रजी शब्द येतात, पण ज्येष्ठ सभासदांना त्याची सवय झाली. पाचशे अक्षरांची मर्यादा पुस्तकावरच्या टिपणासाठी अपुरी पडते, म्हणून लोक एकाखाली एक पोस्ट जोडतात. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या 4.2 आवृत्तीपासून संपूर्ण मजकुरात शोध घेता येतो, परंतु ज्यांनी आपले लेखन शोधात दिसावे असे सेटिंगमध्ये स्वतः निवडले आहे त्यांचेच लेखन सापडते. ही परवानगी मागण्याची पद्धत मला आवडते, फक्त नव्या सभासदाला ते सेटिंग कोणीतरी दाखवून द्यावे लागते.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाचाही विचार झाला. ते फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, आणि लेखनासह खाते दुसरीकडे नेण्याची त्याची रचना मॅस्टोडॉनपेक्षा सरस आहे. परंतु बहुसंख्य खाती अजून त्या एका कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत. आम्ही ज्या अवलंबित्वातून निघालो ते तिथे पुरते संपत नाही.

बडोद्याचा स्वतःचा मराठी सर्व्हर असावा, असे मंडळातील तरुणांचे म्हणणे आहे आणि मला ते मनापासून पटते, पण आजच्या आज नाही. सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला 1910 मध्ये बोलावून राज्यात वाचनालयांचे जाळे उभारले, तेव्हा गावाने आधी आपली वर्गणी जमवावी आणि मग तितकीच रक्कम पंचायतीने व राज्याने घालावी अशी पद्धत ठेवली होती. त्यामुळे वाचनालय एका उत्साही शिक्षकाच्या बदलीबरोबर संपत नसे. सर्व्हरलाही हाच पाया हवा. वर्षभराचा खर्च आधी हातात असावा, सर्व्हरची किल्ली निदान दोघांकडे असावी, मराठी व गुजराती वाचणारे देखरेखकार असावेत, आणि डोमेन व्यक्तीच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर घ्यावे. शहरातील एखाद्या जुन्या मराठी संस्थेने हे मनावर घेतले तर आमचे मंडळ वर्गणी देणाऱ्यांत पहिले असेल.

तोपर्यंत, ज्यांना मराठी माणसे शोधायची आहेत त्यांनी मॅस्टोडॉन डॉट सोशल घ्यावे. ज्यांचा एखादा ठरावीक विषय आहे आणि इंग्रजीचे वावडे नाही, त्यांनी करार पाळणारा मध्यम आकाराचा सर्व्हर पाहावा. कुठेही गेलात तरी पोस्टची भाषा मराठी अशी नेमून द्या, कारण वाचक आपल्या सार्वजनिक टाइमलाइनवर भाषेची गाळणी लावू शकतात, आणि इंग्रजीची खूण असलेली मराठी पोस्ट मराठी निवडणाऱ्यालाच दिसत नाही. आपल्या लेखनाची संपूर्ण प्रत सात दिवसांतून एकदा मागवता येते. आमच्याकडे ती दर महिन्याला मागवून सेंट्रल लायब्ररीजवळ राहणाऱ्या एका सभासदाच्या हार्ड डिस्कवर ठेवली जाते, आणि संमेलनाची छायाचित्रे आता हळूहळू तिथेही जमा होत आहेत.