रबरी पक्षी झकास, तक्ता कालबाह्य

पाचपैकी तीन तारे, तेही फक्त पक्ष्यांना.

भाचीच्या वाढदिवसाला न उडणाऱ्या पक्ष्यांचा हा संच मागवला. नऊ रबरी पक्षी आणि घडीचा एक वंशवृक्षाचा तक्ता. मी 20 वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय, त्यामुळे खोकं उघडल्यावर आधी पायांची बोटं मोजली. शहामृगाला दोनच, एमू आणि रियाला तीन-तीन. किवीच्या नाकपुड्या चोचीच्या अगदी टोकाला. कॅसोवरीच्या आतल्या बोटाची ती सुरीसारखी नखीसुद्धा आहे. साचा करणाऱ्याला दाद दिली पाहिजे. फक्त मोआला दोन चिमुकले पंख चिकटवलेत. अहो, मोआला पंखाचं हाडसुद्धा नव्हतं! रंग पक्का आहे, वास येत नाही.

मग तक्ता उघडला आणि कपाळावर हात मारला.

किवी आणि मोआ सख्खी भावंडं. का, तर दोघंही न्यूझीलंडचे! मोआपेक्षा एमू-कॅसोवरी किवीला जवळचे, हे डीएनएवरून 1992 मध्येच कळलं होतं. 2014 मध्ये मादागास्करच्या नामशेष हत्तीपक्ष्याच्या हाडांतून डीएनए मिळाला आणि किवीचा सगळ्यांत जवळचा नातलग तोच निघाला. कोंबडीएवढा किवी कुठे आणि तीन मीटर उंचीचा तो कुठे! मोआचं जवळचं नातं जुळतं ते दक्षिण अमेरिकेतल्या टिनामूशी, आणि टिनामू चक्क उडतो. गोंडवन भूखंड तुटला आणि न उडणारे पूर्वज त्याच्या तुकड्यांवर बसून पांगले, ही आम्ही वर्गात सांगायचो ती गोष्ट इथे लंगडी पडते. पूर्वज उडत उडत पोचले आणि उडणं प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी सोडलं, असं मानलं तरच हे नातं बसतं. यातला महत्त्वाचा साक्षीदार टिनामू, आणि तो तक्त्यावर नाही, खोक्यातही नाही.

पेंग्विनला मात्र रियाच्या शेजारी जागा! त्याच्या छातीच्या हाडाला उडणाऱ्या पक्ष्यांसारखी उभी धार असते, कारण पाण्यात तो पंखांनीच पोहतो. शहामृगाचं तेच हाड तराफ्यासारखं सपाट. पेंग्विनची भाऊबंदकी अल्बाट्रॉसशी. डोडो तेवढा कबुतरांच्या फांदीवर बरोबर बसवलाय.

विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं की तक्ता सजावटीसाठी आहे.

शेवटी कात्री घेतली. किवीचं चित्र कापून हत्तीपक्ष्याशेजारी डकवलं, पेंग्विनची फांदी छाटली, मोआचे पंख ब्लेडने उडवले (खुणा राहिल्यात). टिनामू भाचीने मातीचा केला. ‘मावशी, हा उडतो तर इथे कसा?’ असं विचारत तिने तो मोआच्या पायाशी ठेवला. पंख जरा मोठेच झालेत, पण राहू देत.