अन्ननलिका बंद झाल्यावर: पोटातली नळी की स्टेंट?

अण्णांच्या अन्ननलिकेतली गाठ कळली तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. शस्त्रक्रियेचं बोलणं पहिल्याच भेटीत संपलं. उरला प्रश्न खाण्यापिण्याचा. आम्ही आधी पोटातून नळी घेतली आणि साडेपाच आठवड्यांनी स्टेंट, म्हणजे अन्ननलिकेची वाट उघडी ठेवणारी जाळी, टाकला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत, एकाच घरात जवळून पाहिल्या, म्हणून लिहितो आहे. मी डॉक्टर नाही. गाठ कुठे आहे, किती लांबीची आहे, यावर बरंच काही बदलतं. तेव्हा माझं म्हणणं तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि मगच ठरवा.

नाकातली नळी मी या तुलनेत धरत नाही. ती चार-सहा आठवड्यांची सोय. महिनोन्‌महिने तीच ठेवायला कुणी सहसा सांगत नाही.

पोटातल्या नळीची बाजू आधी मांडतो, कारण तिने आम्हाला खरोखर सावरलं. दुर्बीण गाठीच्या पलीकडे जाईना, म्हणून पोटावर लहान छेद घेऊन नळी थेट लहान आतड्यात बसवली. कागदावर तिला एफजे (फीडिंग जेजुनोस्टॉमी) म्हणतात, वॉर्डात सगळे नुसतं नळी म्हणतात. दोन महिन्यांत अण्णांचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं, ते नळीनंतर थांबलं. औषधं पोटात जातात की नाही ही धाकधूक गेली. मुगाचं गाळलेलं पाणी, पातळ पेज, ताक, डब्यातली प्रोटीन पावडर, सगळं आई मापाने द्यायची आणि वहीत लिहून ठेवायची. आतड्यात थेट जात असल्याने घाई चालत नाही. भराभर सोडलं की पोटात कळ येते, जुलाब होतात. बाटली टांगून थेंब-थेंब द्यावं लागतं आणि दर वेळी सिरिंजने कोमट पाणी सोडून नळी धुवावी लागते. गोळ्या नीट न कुटता दिल्यामुळे आमची नळी दोनदा तुंबली. एकदा कोमट पाण्याने सुटली, दुसऱ्यांदा रात्री गाडी काढून साठ किलोमीटर जावं लागलं. तरीही हे सगळं हाताला सवयीचं होतं. दहा-बारा दिवसांत आई नर्ससारखी सराईत झाली.

सवय झाली नाही ती थुंकीची.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण ती नकळत गिळत असतो, म्हणून तिचा कधी विचारच करत नाही. नळीने अन्न खाली जातं, पण लाळ तोंडातच राहते. नळी बसवण्याआधी ही गोष्ट आम्हाला कुणी उलगडून सांगितली नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. गिळण्याचा त्रास डॉक्टर 0 ते 4 अशा पायऱ्यांनी मोजतात. 0 म्हणजे सगळं नीट उतरतं, 3 म्हणजे फक्त पातळ पदार्थ, आणि 4 म्हणजे स्वतःची लाळही उतरत नाही. अण्णा 4 वर होते.

उशाशी स्टीलचा डबा, मांडीवर टॉवेल. दर दोन-तीन मिनिटांनी डबा तोंडाशी. आडवं झालं की लाळ घशात साठायची, ठसका लागायचा, म्हणून रात्रभर तीन उशांना टेकून बसायचे. डोळा लागला की पुन्हा ठसका. आईही जागी. पंधरवड्यात दोनदा ताप आला. लाळ श्वासनलिकेत जात असावी असं डॉक्टर म्हणाले. लाळ कमी करणाऱ्या गोळ्या कुटून नळीतून दिल्या, तर ती चिकट दोऱ्यासारखी झाली आणि तोंडातून ओढून काढावी लागायची. गावातले लोक भेटायला आले की अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. आयुष्यभर पारावर बसून गप्पा मारणारा माणूस, तोंड भरलेलं असल्यामुळे बोलेनासा झाला. एक दिवस मला म्हणाले, "जेवायचं राहू दे रे. हे तेवढं थांबव."

त्याच आठवड्यात आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. अरुंद वाटेतून त्यांनी आधी बारीक तार घातली आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत स्टेंट बसवला. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची ही जाळी आत सोडली की हळूहळू आपोआप फुलते. पूर्ण उघडायला एक-दोन दिवस लागतात, आणि ते दिवस कठीण जातात. अण्णांच्या छातीत पहिले तीन दिवस चांगलंच दुखलं, जोरदार वेदनाशामक लागलं. संध्याकाळी दोन घोट पाणी उतरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा कोरडा होता. चौथ्या दिवशी त्यांनी चहा मागितला, तोही बशीत ओतून.

आता स्टेंटचे दोष, कारण ते लपवून तुमचा निर्णय होऊ नये. पहिल्यासारखं जेवण परत येत नाही. मऊ भात, आमटी, नाचणीची आंबील, शिरा, घोटलेली खिचडी इथवर ठीक. चपाती, पाव, मटणाचे तुकडे, पालेभाजीचे धागे, संत्र्याची फोड अडकू शकते. नातवाने प्रेमाने दिलेला भाकरीचा तुकडा आठव्या आठवड्यात अडकला आणि दुर्बीण घालून काढावा लागला. अण्णांचा स्टेंट जठराच्या तोंडापर्यंत जात होता, त्यामुळे आडवं झालं की आंबट पाणी वर यायचं. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या, आम्लाची गोळी कायमची झाली. जाळीला आवरण असेल तर गाठ आतून वाढत नाही, पण स्टेंट सरकण्याची शक्यता वाढते. आवरण नसेल तर सरकत कमी, पण गाठ छिद्रांतून आत शिरते. आम्हाला अर्धवट आवरणाचा सुचवला होता. शिवाय तो महाग पडतो. सरकारी योजनेत बसतो का, हे आधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या. आम्ही नंतर विचारलं. आणि स्टेंटने आयुष्य वाढेल अशी आशा धरू नका. त्याचं काम तेवढं नाही.

शेकाचाही, म्हणजे रेडिएशनचाही, विचार करा. अन्ननलिकेच्या आतून किरणोत्सारी स्रोत नेऊन शेक देता येतो, त्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात. नेदरलँड्समध्ये 209 रुग्णांवर स्टेंट आणि हा आतला शेक यांची तुलना झाली. 2004 साली ती प्रसिद्ध झाली. स्टेंटने आराम लवकर पडला, शेकाने जास्त काळ टिकला, आणि उशिरा होणारा रक्तस्राव स्टेंटवाल्यांमध्ये अधिक दिसला. रुग्णाच्या हातात अजून बरेच महिने आहेत असं डॉक्टरांना वाटत असेल आणि ही सोय तुमच्या आवाक्यात असेल, तर हा पर्याय जरूर विचारा. अण्णांना वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. स्टेंटनंतर बाहेरून शेक देऊन गिळणं जास्त टिकतं का, हे ब्रिटनमध्ये तपासलं गेलं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गिळण्यात फरक पडला नाही, रक्तस्राव मात्र कमी झाला.

काही ठिकाणी मी स्वतः नळीच निवडेन. गाठ घशाच्या अगदी जवळ असेल तर स्टेंट सतत टोचत राहतो, श्वासनलिकेवरही दाब येऊ शकतो. बरं करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया किंवा केमो-रेडिएशन ठरलेलं असेल, तर तोवर ताकद टिकवायला नळी बरी. याउलट पाणी प्यायल्याबरोबर खोकला येत असेल, म्हणजे अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडल्याची शंका असेल, तर आवरण असलेल्या स्टेंटबद्दल लगेच विचारा. भोक झाकायचं काम नळी करू शकत नाही.

बाकीच्यांना, म्हणजे गाठ मधल्या किंवा खालच्या भागात, आजार पसरलेला आणि लाळही उतरत नाही अशांना, मला विचाराल तर आधी स्टेंट. डॉक्टरांकडे गेल्यावर "खाता येईल का" याच्या आधी "थुंकी उतरेल का" हे विचारा. आमची साडेपाच आठवड्यांची जागरणं त्या एका प्रश्नाने वाचली असती.

स्टेंट बसल्यावर नळी काढायची का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. आम्ही राहू दिली. वापर नव्हता तरी आई रोज दोनदा पाणी सोडून ती धुवायची. चौदा आठवडे अण्णा तोंडाने जेवले, पारापर्यंत चार वेळा चालत गेले. मग गाठ स्टेंटच्या वर चढली आणि वाट पुन्हा बंद झाली. शेवटचे अकरा दिवस औषधं त्याच नळीतून गेली.