‘तरस’ आणि ‘हायना’चं मूळ शोधायचंय? दोन फुकट ऑनलाइन कोशांचं परीक्षण

मराठी शब्दाची व्युत्पत्ती घरबसल्या पाहायची तर शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळाला तोड नाही. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, सगळे तिथे मोफत आहेत.

‘तरस’साठी खरा ऐवज टर्नरमध्ये. त्याची शीर्षकं संस्कृत रूपांची आणि रोमन लिपीत असतात, म्हणून मराठी शब्द शीर्षकांत शोधणारे रिकाम्या हाताने परततात. पूर्ण मजकुरात शोधायचा पर्याय घ्या आणि तरसाचं इंग्रजी नाव ‘हायना’ इंग्रजी स्पेलिंगने (hyena) टाका. वैदिक तरक्षु, प्राकृत तरच्छ, मराठी तरस अशी साखळीच हाती लागते. ‘क्ष’चा ‘च्छ’ आणि पुढे ‘स’ किंवा ‘श’ होतो, हे इथे लक्षात आलं की इक्षु–उच्छु–ऊस, मक्षिका–मच्छिआ–माशी हेही उलगडतं. शब्द जुना किती? शुक्ल यजुर्वेदाच्या २४व्या अध्यायातल्या अश्वमेधाच्या पशूंमध्ये तरक्षु आहे, तोही राक्षसांच्या वाट्याचा!

मोल्सवर्थ वापरताना अडतं ते जुन्या शुद्धलेखनापाशी. ‘केळे’ टाकून मिळत नाही, ‘केळें’ टाकावं लागतं. ‘तरस’ला ही अडचण नाही, फक्त दया या अर्थाचा हिंदी ‘तरस’ वेगळा, त्याची गल्लत करू नका.

‘हायना’साठी एटिमॉनलाइन (Etymonline) हा इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा ऑनलाइन कोश पुरेसा आहे. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, लॅटिनमध्ये ग्रीक ‘ह्युआइना’वरून. त्यात ‘ह्युस’ म्हणजे डुक्कर आणि ‘-आइना’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय. ग्रीकात सुरुवातीच्या ‘स’चा ‘ह’ होतो, आपलं सप्त तिथे ‘हेप्टा’. म्हणून ‘ह्युस’ आणि संस्कृत ‘सूकर’ एकाच मुळाचे.

डुकराचं नाव का, तर राठ केसांमुळे, एवढं कोश सांगतो. पण ते केस कुठल्या तरसाचे, हे आपणच जोडून घ्यावं लागतं. डोळ्यांसमोर आफ्रिकेतलं ठिपकेवालं तरस आणलंत तर नाव पटणार नाही, त्याची आयाळ आखूड असते. ग्रीकांच्या ओळखीचं होतं ते पट्टेरी तरस, आपल्या माळरानावरचंच. बिथरलं की मानेपासून पाठभर त्याचे केस ताठ उभे राहतात.