गाणं मित्रांना पाठवायचं कुठे: व्हॉट्सॲप, स्पॉटिफाय की यूट्यूब?

बेळगावात एकाच वर्गात शिकलेले आम्ही सहा जण आता पुणे, बंगळुरू, गोवा असे पांगलोय. गाण्याची ओढ तेवढी सगळ्यांची तशीच आहे. तुमचाही असा कंपू असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

व्हॉट्सॲप सगळ्यांकडे असतंच. ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, पण त्याचं खरं बळ वेगळं: तिथं गाण्यासोबत माणूस बोलतो. खानापूरच्या मित्रानं भीमसेन जोशींची कन्नड दासवाणी, म्हणजे पुरंदरदासांसारख्या कन्नड संतांची भक्तिपदं, पाठवली आणि वर अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट जोडली, "अभंग तुला पाठ आहेत, आता तोच गळा पुरंदरदासांकडे कसा जातो ते ऐक." शाळेत कन्नडचा पेपर आला की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याच भाषेतली पदं मी त्या रात्री तीनदा ऐकली. नुसती लिंक आली असती तर उघडलीही नसती. अडचण एकच: पंधरा दिवसांनी तेच गाणं हवं असेल, तर शुभेच्छांच्या ढिगातून उपसून काढावं लागतं.

स्पॉटिफायवर सगळ्यांनी मिळून भरायची प्लेलिस्ट करता येते, आणि ती जागेवर राहते. ‘ब्लेंड’ तुमची नि मित्राची आवड मिसळून रोज नवी यादी देतं. ‘जॅम’मध्ये ३२ जण एकाच वेळी ऐकू शकतात, पण सुरू करणाऱ्याकडे प्रीमियम लागतं. नव्या गाण्यांसाठी हे उत्तम. मात्र यंत्र आपल्या आवडीच्या आसपासचंच पुढं करतं; अभंगवाल्याला दासवाणीकडे वळवायला मित्रच लागतो.

जुन्या मैफली हव्या असतील तर यूट्यूबच. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. त्यांच्या निर्गुणी भजनांची, मैफलींची ध्वनिमुद्रणं रसिकांनी तिथं जपून चढवली आहेत. तिथंही मित्रांना प्लेलिस्टमध्ये भर घालू देता येते. चढवलेलं कधीतरी गायब होतं, यादीत भोक पडतं, याचं वाईट वाटतं. म्हणून गायकाचं नाव, राग, साल वेगळं लिहून ठेवा.

सगळे नवी गाणी ऐकणारे असाल, तर स्पॉटिफाय घ्या. नाट्यपदं, भजनं, ख्याल ऐकणारे असाल, तर यादी यूट्यूबवर ठेवा आणि बोलणं व्हॉट्सॲपवर. आम्ही हेच करतो. गाणं यादीत टाकलं की ते का टाकलं, हे ग्रुपवर सांगायचंच, असं आमचं ठरलेलं आहे.