सीडी १०० चा लोकल कार्बोरेटर : अकरा महिन्यांनंतर (अ‍ॅव्हरेज ६२ वरून ४१ का झालं)

बाबांनी १९९१ साली घेतलेली हीरो होंडा सीडी १०० मी अजून रोज चालवतो. नौपाड्यातून निघायचं, कळवा, विटावा, दिघा, ऐरोली करत महापे एमआयडीसी गाठायची, संध्याकाळी त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन ३२ किलोमीटर. बाबा आता गाडीला हात लावत नाहीत, पण पेट्रोल भरलं की लिटर आणि किलोमीटर कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचे, ही त्यांची सवय मी चालू ठेवली आहे. म्हणून खाली दिलेले आकडे अंदाजाचे नाहीत. एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर लावून, टाकी गळ्यापर्यंत भरून काढलेले आहेत.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात जुना कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) ठिबकायला लागला. दोनदा किट टाकलं, पण बॉडीच झिजली होती. ओरिजिनल कुठे मिळेना, म्हणून १,३५० रुपयांचा लोकल बसवला. सहा महिने काहीही तक्रार नव्हती. अ‍ॅव्हरेज ६० ते ६२, पिकअप पूर्वीसारखा. तेव्हा मी ऑफिसातल्या दोघांना हाच घ्या म्हणून सांगितलंही होतं.

जूनमध्ये विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं आणि गाडी त्यातून काढावी लागली. मेकॅनिकने एअर फिल्टर उघडून, सुकवून परत बसवला. त्यानंतरच्या भरण्याला ४४ आले. पुढच्याला ४१. महिन्याला साडेसातशे किलोमीटर धरा, म्हणजे सहा लिटर जादा. लिटर शंभराच्या वर असताना हे दर महिन्याला सहा-साडेसहाशे रुपये सायलेन्सरमधून बाहेर गेले, आणि असे चार महिने गेले. मला अजूनही त्याचा राग येतो.

पण त्या वेळी फिल्टरचा आणि याचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही, कारण तेव्हा जो तो ई-२० बद्दल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, बोलत होता. मीही तेच धरून बसलो. आता शांतपणे हिशेब मांडतो. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के इथेनॉल म्हणजे एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात तर ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींना ३ ते ४ टक्केच घट धरली आहे. माझी गाडी त्याहून जुनी, म्हणून सातच टक्के धरा. ६२ चे ५८ होतील, फार तर ५७. ४१ होणार नाहीत. हे त्रैराशिक मी जूनमध्येच मांडायला हवं होतं. ई-२० ने जुन्या गाडीचं काहीच बिघडत नाही असं मी म्हणत नाही, रबरी नळी आणि वॉशर मी बदलून घेतलेच आहेत. पण तिसरा हिस्सा पेट्रोल एकट्या इथेनॉलने खाल्लं नव्हतं.

मग मेकॅनिककडे फेऱ्या. प्लग काजळीने काळाठिक्कर, तो बदलला. टॅपेट केले. मागचं चाक मेन स्टँडवर हाताने फिरवून पाहिलं तर दीड फेऱ्यात थांबत होतं, विटाव्याच्या पाण्याने ब्रेकचा कॅम जाम झाला होता. तो मोकळा करून ग्रीस लावलं, ४१ चे ४३ झाले. नवा प्लग आठवड्यात पुन्हा काळा. तेव्हा त्याने मला सांगितलं, "साहेब, गाडी चौतीस वर्षांची झाली. आता अजून किती अ‍ॅव्हरेज मागणार तिच्याकडे?" हे वाक्य मला फार लागलं. मे महिन्यात हीच गाडी साठ देत होती. महिन्याभरात ती म्हातारी झाली का?

खुणा सगळ्या समोर होत्या. भर पावसात, रात्रभर भिजलेली गाडी सकाळी चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) न ओढता एका किकमध्ये सुरू व्हायची, आणि मी खूश व्हायचो. ऐरोलीच्या सिग्नलला तापलेली बंद पडली की मात्र आठ-आठ किका. आणि पीयूसी! सप्टेंबरची पावती पाकिटात घडी करून ठेवून दिली होती. २००० च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे, माझा आकडा ४.१. पास झालो म्हणून पुढे वाचलंच नाही. नंतर मार्चची पावती शोधून काढली, त्यावर १.८ होता. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे, हे त्या दोन पावत्या शेजारी ठेवल्या असत्या तर तिथेच कळलं असतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॅटरी घेऊन स्वतः बसलो. चोकची दांडी खाली दाबली (पूर्ण खाली म्हणजे चोक बंद), ती थांबली. बोटाने अजून दाबली, हलेना. नीट वाकून पाहिलं तर फिल्टरच्या नळीवरची क्लिप अशी फिरवून आवळलेली होती की तिच्या स्क्रूचं डोकं बरोबर दांडीच्या वाटेत आलं होतं. क्लिप सैल केली, आणि दांडी करंगळीच्या नखाएवढी आणखी खाली गेली. नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडात उजेड टाकला. दांडी पूर्ण खाली असताना आतली चकती हवेच्या वाटेला समांतर, सरळ. दांडी पूर्वीच्या जागी नेली की चकती तिरकी. चार महिने गाडी अर्धवट चोकवर चालली होती. क्लिप पाव फेरा फिरवून स्क्रू दुसऱ्या बाजूला घेतला आणि आवळली. खर्च शून्य.

आता कार्बोरेटरबद्दल. मधल्या काळात मी याला बरंच वाईट बोललो होतो, ते मागे घेतो. जेट ठीक आहेत, फ्लोट ठीक आहे, अकरा महिन्यांत एक थेंब ठिबकलेला नाही. पण एक दोष मी माफ करणार नाही : याच्या चोकच्या दांडीला खटका नाही. जुन्या कार्बोरेटरची दांडी खाली गेली की "टक्" असा आवाज यायचा आणि बोटाला तो जाणवायचा. हातमोजा घातलेला असो, अंधार असो, चोक पूर्ण सुटला हे कळायचं. याची दांडी लोण्यातून फिरवल्यासारखी, कुठेही थांबते. खटका असता तर जूनच्या पहिल्याच सकाळी तो लागला नाही हे मला कळलं असतं आणि पंचवीस लिटर पेट्रोल वाचलं असतं. बनवणाऱ्याने एका बारीक स्प्रिंगचे आणि छऱ्याचे पैसे वाचवले, आणि त्याच्या कित्येक पट माझे गेले. जुन्याची दांडी यावर बसते का तेही पाहिलं. दांडा जाडीला वेगळा आहे, बसत नाही.

क्लिप फिरवल्यानंतरचे तीन भरणे : ५६, ५८, ५८. प्लग कॉफीच्या रंगाचा. थंडीत आता चोक ओढावा लागतो, दोन किका लागतात, आणि ते बरोबर आहे.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, पण दुकानात उभं राहून चार-पाच नग हातात घेऊन दांडी खालीवर करून बघेन. एखाद्याला खटका असेल तर शंभर-दोनशे जास्त देईन. तोवर रोज सकाळी गाडी तापली की वाकून दांडी शेवटपर्यंत दाबतो, मगच गिअर टाकतो.