लकवा झाल्यावर : फिजिओ की ऑक्युपेशनल थेरपिस्ट?

फिजिओथेरपिस्ट तोल, उठणं-बसणं, चालणं यावर काम करतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतो, आजोबा स्वतःच्या हातानं जेवतात का? सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला आधी, हे तोच शिकवतो. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड केलं की पकड बसते. घरच्यांचे किती हाल वाचतात यानं! आरोग्यसेवेतल्या पेशांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्यात दोन्ही पेशे येतात. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात दोन्ही विभाग आहेत. तालुक्याला मात्र ऑक्युपेशनल थेरपिस्ट क्वचितच भेटतो. माझं मत, पेशंट उभाच राहत नसेल तर आधी जवळचा फिजिओ गाठा. चालतो, पण घास भरवावा लागतो, तर नागपूरची एक खेप कराच.